रोप विकत घेण्याआधी रानातले खुंट मोजा

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी नायजर आणि टांझानियातल्या गावांनी आपलं तोडलेलं रान परत कसं उभं केलं, त्यावर एक पान लिहिलं होतं. सांगण्यासारखं इतकंच होतं की तिथे बहुतेक ठिकाणी रान लावावं लागलं नाही, राखावं लागलं. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आले, दोघं-तिघं तर थेट दिंडोरी रोडच्या आमच्या नर्सरीत येऊन भांडून गेले. त्यांतले काही प्रश्न घेतले आहेत. नावं छापत नाही, कारण बऱ्याच पत्रांत गावातली भावकीही आली आहे.

ताई, ग्रामपंचायतीला यंदा दोन हजार रोपं मिळणार आहेत. खड्डे आत्ताच घ्या असं वरून सांगितलंय. तुमचं वाचून आमचे दोन सदस्य म्हणायला लागले की रोपं नकोतच. नेमकं काय करावं? आणि त्या नायजरवाल्यांनी काय केलं ते जरा नीट सांगा, मागच्या वेळी घाईत उरकलंत.
— एक सरपंच, सुरगाणा तालुका

सरपंच, माझं घर रोपांवर चालतं. दोन हजार रोपांची मागणी म्हणजे माझ्यासारखीला चांगला सीझन. तरीही सांगते, आधी खुंट मोजा, रोपांचं मग बघू.

नायजर हा सहारा वाळवंटाच्या काठावरचा देश. त्याच्या दक्षिणेला मराडी नावाचा भाग आहे. पाऊस आपल्या येवला-नांदगावसारखा किंवा त्याहून कमी. टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ 1981 साली तिथे कामाला गेला. काम काय, तर रोपं लावणं. लावायची आणि मेलेली बघायची. उन्हाने, वाळूने, शेळ्यांनी बहुतेक सगळी जायची. 1983 मध्ये एकदा रोपांनी भरलेली गाडी वाळूत रुतू नये म्हणून तो टायरची हवा कमी करायला उतरला. आजूबाजूला खुरटी झुडपं होती, रोज दिसणारी. जवळ जाऊन पाहिलं तर ती झुडपं नव्हतीच. तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फुटलेले ते फुटवे होते. शेतकरी दरवर्षी पेरणीआधी ते छाटून जाळायचे, पावसात ते पुन्हा यायचे. मुळं खाली जिवंत, वर झाड होऊ द्यायला कुणी तयार नाही.

मग त्याने रोपांचा नाद सोडून फुटवे राखायला शेतकऱ्यांना तयार केलं. हे काही सुरळीत झालं नाही. पहिल्या काही जणांची गावाने टिंगल केली, त्यांची राखलेली झाडं चोरीलाही गेली. 1984 च्या दुष्काळात झाडं राखणाऱ्यांना धान्य देण्याची योजना आली तेव्हा पुष्कळांनी राखली आणि धान्य बंद झाल्यावर त्यातल्याच बऱ्याच जणांनी ती तोडली. पण ज्यांनी ठेवली त्यांची पेरणी वाऱ्या-वाळूत टिकली. पूर्वी वाळू अंकुर झोडपून काढायची आणि एकाच हंगामात तीन-तीनदा बी टाकावं लागायचं, ते थांबलं. शेजारच्याने ते पाहिलं आणि गोष्ट बांधावरून बांधावर गेली. वीसेक वर्षांनी ख्रिस राइज आणि ग्रे टॅपन या अभ्यासकांनी जुने-नवे हवाई आणि उपग्रहाचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा दक्षिण नायजरमध्ये सुमारे 50 लाख हेक्टर शेतात झाडं उभी राहिल्याचं दिसलं. आपले तीन नाशिक जिल्हे त्यात बसतात. झाडांचा अंदाज 20 कोटींचा. त्यातलं जवळपास एकही कुणी लावलेलं नाही.

आता तुमच्या गावाचं. तुमच्याकडे मराडीच्या चौपट पाऊस. साग, ऐन, धावडा, खैर, पळस यांतलं एकही झाड कुऱ्हाडीच्या एका घावाने मरणारं नाही. डोंगरावर जा, वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद असा चौकोन धरा, चार कोपऱ्यांना पांढरं फडकं बांधा. आतले जिवंत खुंट मोजा, गुडघ्याएवढा फुटवा असला तरी तो धरायचा. असे पाच-सहा चौकोन वेगवेगळ्या उतारांवर बघा. दहाच्या वर खुंट निघत असतील तर तिथे खड्डा घेऊ नका. खड्डा घेताना तुम्ही त्याच मुळांवर टिकाव घालणार.

खुंटावर करायचं काय ते तुमच्या गावाला मी शिकवायची गरज नाही. निम्मं गाव दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत छाटणीला आणि फेलफुटी, म्हणजे नको ते फुटवे, काढायला जातं. तीच नजर इथे लावायची. एका खुंटाला पंधरा-वीस फुटवे असतात. त्यातले सरळ, जोमदार आणि खुंटाच्या तळापासून, मातीलगत निघालेले तीन ते पाच ठेवायचे. खुंटाच्या वरच्या कापावर आलेला फुटवा दिसायला कितीही छान असला तरी ठेवू नका. बुंधा कुजला की तो वाऱ्यात फाटतो. ठेवलेल्या काड्यांच्या बगलफांद्या निम्म्या उंचीपर्यंत साफ करायच्या. घाव खालून वर घ्यायचा, म्हणजे साल खाली सोलत येत नाही. कोयता धारेचा हवा. छाटलेला पाला तिथेच पसरू द्या. पावसाळ्यात नवे फुटवे येतील, ते दिवाळीच्या सुमारास काढा. दोन-तीन वर्षांनी दरवर्षी एक काडी तोडून वापरा, बाकीच्या वाढू द्या. सध्या पानगळ झालेली आहे, खुंट लांबून दिसतात. हेच दिवस कामाचे आहेत.

मग दोन हजार रोपं कुठे? जिथे खुंटच नाही अशा उघड्या मुरमावर थोडी. शाळेत, विहिरीपाशी, घरामागे जास्त. आणि आंबा, जांभूळ, हिरडा, मोह मागा. गुलमोहर आणि ग्लिरिसिडियाच्या पिशव्या आल्या तर सही करू नका.

आमच्या गावात पुरुषांची बैठक झाली आणि कुऱ्हाडबंदी ठरली. छान झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी चूल कशाने पेटवायची ते कुणी सांगितलं नाही. उज्ज्वलाची टाकी आहे, भरायला पैसे नाहीत. बंदी आली की पहिला घाव आमच्या मोळीवर. आफ्रिकेतल्या बाया काय करतात?
— बचत गटातली एक सदस्य, पेठ तालुका

ताई, तुमच्या पत्रातलं चुलीचं वाक्य मी आमच्या नर्सरीतल्या बायकांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हिला आधी उत्तर दे.

टांझानियात शिन्यांगा नावाचा प्रदेश आहे. तिथे सुकुमा लोक राहतात, गुरं पाळणारे. इंग्रजांच्या काळात गुरांना रोग लावणारी त्से-त्से माशी हटवायची म्हणून तिथलं रान सरसकट तोडलं, पुढे कापसासाठी आणखी तोडलं. देशाचं वाळवंट असं त्या भागाला म्हणायला लागले. 1986 पासून सरकारने तिथे जमीन राखायचा कार्यक्रम घेतला आणि सुरुवातीला, सांगायला नकोच, रोपं वाटली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की सुकुमांकडे आपली एक जुनी रीत आहे. तिला ते न्गितिली म्हणतात. पावसाळ्यात डोंगराचा एक तुकडा गुरांना बंद करायचा, गवत वाढू द्यायचं आणि उन्हाळ्यात आधी दुभत्या गायी, वासरं आणि थकलेले बैल तिथे सोडायचे. आपलं राखलेलं कुरणच की! 1980 च्या दशकात अशी जेमतेम सहाशे हेक्टरांची नोंद उरली होती. पुढच्या वीसेक वर्षांत आठशेहून जास्त गावांनी मिळून साडेतीन लाख हेक्टरांवर ती नेली. गवताबरोबर जुन्या खुंटांतून झाडंही उठली.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की ते रान बंद नव्हतं. त्यातून सरपण, औषधी मुळ्या, मध, रानफळं, घराला लागणारी लाकडं ठरवून निघत होती. बंदी कशाला आणि कधी, हे गावाची सभा ठरवायची. मोडणाऱ्याचा न्यायही तिथेच.

नायजरच्या झिंदर भागात झाडं वाढल्यावर बायकांचा सरपणाचा वेळ दिवसाला अडीच तासांवरून अर्ध्या तासावर आल्याचं राइज यांनी नोंदवलं आहे. तो वेळ बंदीमुळे वाचला नाही. शेतातल्याच झाडांच्या छाटणीतून चूल पेटायला लागली म्हणून वाचला.

तेव्हा बैठकीत पुन्हा उभ्या राहा आणि क्रम उलटा करायला लावा. आधी डोंगराचे चार-पाच तुकडे पाडा. एका वर्षी एका तुकड्यात वर सरपंचांना सांगितली तशी फुटव्यांची विरळणी करायची आणि ते सगळं लाकूड, अंगठ्याएवढ्या काडीपासून मनगटाएवढ्या दांड्यापर्यंत, गटातल्या बायकांनी न्यायचं. मोळ्या मोजायच्या, वहीत लिहायच्या. बाकीच्या तुकड्यांत त्या वर्षी फक्त वाळलेलं, पडलेलं. जी घरं अगदी मोळी विकूनच जगतात त्यांची नावं वेगळी लिहा, त्यांना राखणदारीचं काम द्या. हे ठरलं की मग कुऱ्हाडबंदीच्या टाळ्या.

आणि पाहायला लांब जाऊ नका. साक्री तालुक्यातलं बारीपाडा तुमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथे नव्वदच्या दशकापासून चारशे हेक्टरांहून जास्त रान राखलंय. पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. तिथल्या बायका रानभाज्यांची स्पर्धा भरवतात. जाल तेव्हा त्यांनाच विचारा, सुरुवातीची वर्षं चूल कशी चालवली म्हणून. पुरुष माणसं जलसंधारणाचे आकडे सांगतील, तेही ऐका.

राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐन सवळतो, त्याच्या फांद्या उतरवतो, म्हणून आम्हाला शहरातले लोक जंगलतोडे म्हणतात. राब भाजल्याशिवाय नागलीचं रोप कसं काढायचं? तुम्हीही तेच म्हणणार का?
— एक शेतकरी, त्र्यंबकेश्वर तालुका

मी तसं म्हणणार नाही, कारण तुमच्यासारखेच लोक झांबियात आहेत.

झांबियाच्या उत्तरेला बेंबा लोक राहतात. तिथल्या रानाला मिओम्बो म्हणतात. पानगळीचं, ऐन-सागाच्या आपल्या रानासारखंच उन्हाळ्यात उघडं पडणारं. त्यांची शेतीची रीत चितेमेने. माणसं झाडावर चढतात, फांद्या उतरवतात, मोठ्या परिसरातल्या फांद्या मधल्या एका वर्तुळात रचतात, पाऊस तोंडावर आला की पेटवतात आणि त्या राखेत पेरतात काय, तर नागली. हो, हीच. नागली मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातली. हजारो वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि आपल्या डोंगरांत अशी रुळली की ती पाहुणी आहे हे कुणाला खरंही वाटत नाही. राखेत नागली काढायची युक्ती मात्र दोन्हीकडच्या लोकांनी आपापली शोधली असावी.

बेंबा झाड मुळापासून तोडत नाहीत. वरून सवळतात, खोड उभं राहतं आणि पुन्हा फुटतं. एका जागेला वीस-पंचवीस वर्षं विसावा मिळायचा तोवर रान परत दाट व्हायचं. माणसं वाढली, जागा आकसली, विसावा कमी झाला आणि तिथून रान खंगायला लागलं. म्हणजे सवळण्यात खोट नव्हती, फेरा लहान झाला ही अडचण.

तुमच्याकडेही तेच बघा. तुमच्या आजोबांच्या वेळी एका ऐनावर कोयता किती वर्षांनी यायचा? आता दरवर्षी येत असेल तर ऐन खांबासारखा उभा दिसतो, शेंड्याला मूठभर पालवी. त्याला बी धरत नाही आणि पंधरा-वीस वर्षांत तो पोकळ होतो. म्हणून मालकीच्या झाडांचे तीन गट करा. एका वर्षी एकाच गटावर चढा आणि शेंड्याचा तिसरा हिस्सा अजिबात शिवू नका. राबात फांदीचा थर निम्मा करा, बाकी भाताचा तूस, वाळलं गवत, शेणी. नागलीच्या रोपाला राब लागतो तो मुख्यतः तणाचं बी भाजून निघावं आणि राख मिळावी म्हणून. तेवढं काम पातळ थरही करतो. भातासाठी गादीवाफा करून बघा, राबाशिवाय रोप चांगलं येतं. नागलीला मी तो आग्रह धरणार नाही. तुमच्या उताराचा मुरूम तुम्ही जाणता.

आमच्या डोंगराला दर मार्च-एप्रिलला वणवा लागतो. आम्ही तरुण पोरं फांद्या घेऊन विझवायला धावतो. राखलेले फुटवे एका रात्रीत जातात. इलाज?
— एक विद्यार्थी, इगतपुरी

विझवायला धावणं थांबवू नका, पण खरं काम डिसेंबर-जानेवारीत असतं. झांबियात न्डोलाजवळ 1930 च्या दशकात काही तुकडे आखून ठेवले होते. काही दरवर्षी उन्हाळा संपताना जाळायचे, काही पावसाळा संपल्यावर लगेच, गवत अर्धं ओलं असताना, आणि काही अजिबात जाळायचे नाहीत. उशिराच्या आगीने झाडं संपली आणि गवत उरलं. लवकरच्या आगीत रान टिकलं. न जाळलेल्या तुकड्यांत ते दाट झालं. आपल्याकडे लवकर जाळा असा सल्ला मी देणार नाही, वनखात्याच्या जमिनीवर तो गुन्हा आहे. पण जाळरेषा ही त्याच हिशोबाची गोष्ट. गवत अजून पिवळं पडतंय तेव्हा दोन-तीन मीटर रुंदीची पट्टी कापून साफ करायची, वनरक्षकाला सोबत घेऊन. रस्त्याकडेची बाजू आधी, कारण पुष्कळ आगी बिडीच्या थोटकातून लागतात.

उरलेल्यांतल्या बऱ्याच मोहाखाली लागतात. फुलं वेचायला जमीन स्वच्छ दिसावी म्हणून पाला पेटवतात आणि तो पुढे सरकतो. त्या घरांशी भांडू नका. फुलं पडायच्या आधी तुम्हीच पोरांनी जाऊन प्रत्येक मोहाखालचा पाला झाडून द्या, किंवा जुन्या साड्या शिवून खाली अंथरायला द्या. फुलं मातीशिवाय मिळतात, भावही बरा येतो.

मी कायद्याचा अभ्यास करतो. नायजरमध्ये झाडं आली ती तंत्रामुळे की कायदा बदलल्यामुळे? आणि आपल्याकडे राखलेलं रान शेवटी कुणाचं?
— एक वाचक, कॉलेज रोड

फार चांगला प्रश्न, आणि तंत्रावर खूश होणाऱ्या सगळ्यांनी वाचावं असं उत्तर आहे याचं.

फ्रेंचांनी तिथे झाड सरकारचं ठरवलं होतं. 1960 मध्ये स्वातंत्र्य आलं तरी तेच चाललं. आपल्या शेतातल्या झाडाची फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करायचा. मग शेतकरी काय करेल? अंगठ्याएवढं असतानाच उपटेल. झाड मोठं झालं की डोकेदुखी मोठी. रिनॉडोने आणि इतरांनी अधिकाऱ्यांना गळ घातली की राखणाऱ्याला तोडू द्या. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून ही पकड सैल पडत गेली आणि लोकांना वाटायला लागलं की झाड आपलं. कागदावरचा कायदा नंतर, 2004 मध्ये बदलला. म्हणजे आधी वागणूक बदलली, मग कलम. टांझानियातही क्रम तोच, रान आधी राखलं गेलं. तिथे 1999 चा ग्रामजमीन कायदा आणि 2002 चा वन कायदा यांनी गावाला स्वतःचं राखीव रान जाहीर करायची वाट करून दिली.

आपल्याकडे 2006 चा वनहक्क कायदा आहे. लोक त्याला प्लॉटचा कायदा समजतात. त्यात वैयक्तिक दाव्यांइतकाच, माझ्या मते त्याहून मोठा, सामूहिक हक्क आहे. गाव परंपरेने वापरत आलेलं रान राखायचं, वाढवायचं आणि त्याचं व्यवस्थापन करायचं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तो 2009 मध्ये मिळाला. 2011 पासून ते आपला बांबू आपल्या वाहतूक पासावर विकू लागले. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांना ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदाही लागू आहे. दाव्याला म्हाताऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून चालतात. कुठली वाट गुरांची, कुठला पाणवठा, कुठल्या झाडाखाली देव. तुम्ही कायदा शिकताय तर सुट्टीत एखाद्या पाड्यावर जाऊन हे जबाब लिहून द्या. तिथे लिहिणाऱ्याचीच वानवा असते.

शेतातल्या झाडांचं मात्र आपल्याकडे अजूनही अवघड आहे. राज्यात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्यातल्या यादीतली झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. ती मिळवताना इतक्या चपला झिजतात की शेतकरी बांधावर सागाचं रोप उगवलं की कुळव फिरवतो. नायजरचा शेतकरी 1980 मध्ये जे करायचा तेच.

मागच्या लेखात गाओ नावाच्या झाडाचा उल्लेख होता. पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. पिकाला सावली नाही, उलट खत. बी कुठे मिळेल? आणि खडकाळ माळावर काही करता येईल का?
— कांदा उत्पादक, येवला

गाओ म्हणजे फायडर्बिया अल्बिडा, बाभळीच्या गोतातलं. तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं. हवेतला नत्र धरतं, पेरणीच्या दिवसांत उघडं असतं, उन्हाळ्यात शेंगा गुरांना. बी मी देणार नाही. बांधावर तुमच्याकडे बाभूळ आहे, हिवर आहे, बोर आहे. त्यांची वरची छाटणी जूनच्या तोंडाशी करा, सावलीचा प्रश्न मिटतो. नवं झाड आणून पंचवीस वर्षांनी पस्तावण्यापेक्षा हे बरं. वेड्या बाभळीचा अनुभव आपल्याला आहेच.

माळाचं मात्र जरूर करा. बुर्किना फासोच्या याकुबा सावादोगो यांची गोष्ट तुमच्याच माळाची आहे. गुर्गा नावाचं गाव, जमीन भाजलेल्या विटेसारखी, पाणी नुसतं वाहून जायचं. त्यांनी जुनी रीत उचलली. तिला झाई म्हणतात. वीतभर ते हातभर रुंद, वीतभर खोल खड्डे. तिथली चाल पावसाच्या तोंडाशी खणायची होती, यांनी भर उन्हाळ्यात खणायला घेतले. प्रत्येकात मूठ-दोन मूठ शेणखत. खताला वाळवी येते. आपण वाळवी म्हटलं की औषध शोधतो. त्यांना ती हवीच होती. ती खाली बोगदे करते, पाणी आत जातं. खड्ड्यात ज्वारी-बाजरी पेरली आणि शेणखतातून आलेलं झाडांचं बीही उगवलं. ते त्यांनी उपटलं नाही. वेडा ठरवलं, रान पेटवूनही दिलं लोकांनी. शेवटी पंचवीसेक हेक्टरांचं जंगल झालं. 2018 चा राइट लाइव्हलिहूड पुरस्कार त्यांना आणि रिनॉडोंना एकाच वर्षी मिळाला. सावादोगो 2023 च्या डिसेंबरात गेले.

खड्ड्यांच्या वरच्या अंगाला दगडांच्या ओळी समपातळीत लावा. तिकडे शेतकऱ्यांनी ही पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने काढली. तुमच्या गावातल्या कुठल्याही गवंड्याकडे ती लेव्हल नळी आहे. अर्ध्या दिवसासाठी मागून आणा. एक इशारा: हे खड्डे सुरगाण्या-पेठच्या मंडळींनी नकोत. तिथल्या पावसात त्यांत डबकं होईल आणि रोप कुजेल.

आमच्या कंपनीच्या सीएसआर निधीतून एका गावात मियावाकी, म्हणजे दाट लावलेलं छोटं जंगल करायचंय. तुमची नर्सरी रोपं पुरवेल का?
— एक अभियंता, सातपूर

सातपूर-अंबडच्या कारखान्याच्या आवारात करायचं असेल तर उद्या या. चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन-तीन वर्षं पाणी, कुंपण, हे सगळं तिथे जमतं. गावच्या डोंगरावर नको. त्या पैशात एका गावाला पाच वर्षं दोन राखणदार ठेवता येतील. फोटोला ते बरे दिसत नाहीत, मान्य आहे.

केनियात वांगारी मथाई यांनी 1977 मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. तिथे बायकांना पैसे मिळायचे ते जगलेल्या रोपाचे. रक्कम अगदी किरकोळ, पण लावलेल्या रोपाला ती नव्हती. कंपनीच्या अहवालात तुम्ही हा एक रकाना घातलात तरी पुष्कळ: तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत किती.

आपल्याकडे ऋषीमुनींपासून वृक्षपूजा आहे. आफ्रिकेकडून आपण काय शिकायचं?
— ज्येष्ठ वाचक, पंचवटी

काका, इथिओपियाच्या उत्तरेला उघड्या डोंगरांवर हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध चर्च असतं. देवाच्या भोवतीचं रान तोडायचं नाही, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आता गुरं आणि नांगर आत येऊ लागले म्हणून गावं शेतातलेच दगड वेचून त्या रानांना गडगे घालतायत. आपल्या देवराया त्यांच्या सख्ख्या बहिणी. फरक एवढाच की आपण देवराईत सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि गाडीतळ करतो. फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी 2015 पासून नवी देवराई उभी केली आहे, सकाळी फिरायला तिकडे जा. पूजेबद्दल माझं काही म्हणणं नाही. गडगा घालायचं मात्र शिकायला हवं.

आम्ही आश्रमशाळेची मुलं आहोत. सर म्हणाले, बी गोळा करा. आत्ता कुठलं बी मिळेल?
— सातवीचा वर्ग, कळवण तालुका

बाळांनो, ऐनाची पंखवाली फळं आत्ता झाडाखाली पडतायत. वाळलेली, तपकिरी घ्या, हिरवी नको. आपट्याच्या आणि बहाव्याच्या शेंगा मिळतील. बहाव्याचं बी टणक असतं, सरांना गरम पाण्यात भिजवून द्यायला सांगा, तुम्ही पाणी उकळू नका. पळसाच्या चपट्या शेंगा आणि करंज एप्रिल-मेमध्ये. जांभूळ, कडुनिंब आणि मोहाच्या टोळंबी जून-जुलैत. त्यांचं बी साठवायचं नाही, पंधरा दिवसांत मरतं. मिळालं की त्याच आठवड्यात पेरायचं.

बाभळीचं बी झाडाखाली शोधत बसू नका. शेळ्यांच्या वाड्यावर जा. शेंगा खाऊन शेळी रवंथ करताना बी टाकते, काही लेंडीतून येतं, आणि ते झाडाखालच्या बियांपेक्षा लवकर उगवतं. झाडलोट करणाऱ्या मावशीला आधी विचारा. ती म्हणेल तेवढा वाडा झाडून द्या, मग बी न्या.